दोनशे पंच्यांचा नकाशा

"चौथी भट्टी उगवतवाडीतच बांधायची!" राजा रणधवलानं फर्मावलं. "तिथं तीन आहेतच. तोफा ओतायला एक कमी पडते."

दाराशी बोचकं घेऊन उभी असलेली ठकू परटीण पुढं आली. राजवाड्यापासून उगवतवाडीपर्यंत अख्ख्या गावाचं धुणं तिच्याकडं. राहायला ती उगवतवाडीत.

"सरकार, तीनच भट्ट्यांच्या धुरानं माझी सासू खोकून खोकून अर्धी झालीय. चौथी पेटली तर म्हातारी जगायची नाही. वाडीत घरटी असं एक तरी माणूस आहे."

राजानं नकाशेनवीस विसाजीपंतांकडं पाहिलं. पंतांनी नकाशा उलगडला. नदी, देऊळ, बाजार, राजवाड्यातला मोरसुद्धा होता.

"धूर दिसत नाही," पंत म्हणाले.

"नकाशात नाही म्हणजे नाही!" हट्टात या राजाचा हात धरणारा कुणी नव्हता. "असेल तर नकाशावर दाखव. मुदत चार दिवस. शाई लावायची नाही, शाईनं कुणीही काळं करील. साक्षीला माणूस आणायचा नाही, माणसं रडतात. जमलं नाही, तर भट्टीचा पाया तुझ्याच अंगणात!"

"बरं," ठकू म्हणाली आणि बोचकं उचलून निघाली. वाद घालायला बाईला वेळ कुठं होता? धुणं पडलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी राजवाड्याच्या चौकात नदीच्या जागी दोरखंड होता, देवळाच्या जागी वीट. भोवती दोनशे पंचे पसरले होते.

"हे काय?"

"नकाशा, सरकार. सगळे पंचे एकाच दिवशी स्वच्छ धुतले, चार दिवस गावभर दोरीवर ठेवले. जो जिथं टांगला होता, तो इथं त्याच जागी पसरलाय."

राजवाड्याच्या जागचे पंचे पांढरेशुभ्र. बाजाराकडचे राखाडी. आणि उगवतवाडीचे? तव्याच्या बुडासारखे!

राजा ऐकतोय होय! "अगं, ती माणसंच मळकट, त्यांचे पंचे आणखी कसे असणार? राजवाड्यातले बघ. याला म्हणतात राहणी!"

पंतांनी मान हलवली. ते नेहमीच हलवत.

"असेल, सरकार," ठकू म्हणाली. "पण पंचा कुणाचा, ते आम्ही कोपऱ्यात बिब्ब्यानं खूण करून ठेवतो. नाहीतर एवढ्या गावाचं धुणं घरोघर पोचायचं कसं? आपणच बघा ना."

राजानं वाडीतला सर्वांत काळा पंचा दोन बोटांनी उचलून झटकला. काजळी उडाली. राजा खोकला, पुन्हा खोकला. मग त्यानं कोपरा पाहिला. चंद्रकोर! रोज आंघोळीनंतर अंग पुसताना दिसायची तीच.

"हा माझा?"

"आपलाच. चार दिवस माझ्या अंगणात होता. शेजारचा पंतांचा."

"आणि राजवाड्यातले हे पांढरे?"

"आमच्या वाडीचे. तो मधला सासूबाईंचा. आपल्या गच्चीवर चार दिवस काढले, बघा कशी राहणी सुधारली त्याची!"

राजानं दोन्ही पंचे शेजारी शेजारी धरून पाहिले. मग असा हसला, असा हसला, की पुन्हा खोकला आला.

"पंत! तिन्ही भट्ट्या नदीपलीकडच्या ओसाड माळावर न्या, चौथीही तिथंच बांधा, धूर कुठल्याच वस्तीवर येता कामा नये. ठकूला भरजरी लुगडं द्या. आणि यापुढं तुमचा प्रत्येक नकाशा आधी ठकूला दाखवायचा. ती म्हणेल तेव्हाच तो पुरा!"

पंतांनी मान हलवली.