चोवीस कळ्यांचं वऱ्हाड

"घागऱ्याला एकही घडी पडता कामा नये. तो विमानाच्या पोटात टाकायचा नाही. लग्नाला उभं राहीपर्यंत तो कुणी घालायचा नाही. आणि त्याच्यासाठी वेगळं तिकीट मी काढणार नाही!"

सुरगोंडा अण्णांनी चार बोटांवर चार अटी मोजल्या आणि उरलेल्या अंगठ्याने कालिंदीला दार दाखवलं. जमलं तर उदयपूरच्या लग्नात त्यांच्या थोरल्या लेकीने तो घागरा घालावा, नाही जमलं तर दिल्लीच्या मोठ्या दुकानातला तिथल्या हॉटेलात येऊन पडलाच होता.

अण्णा सांगलीतले हळदीचे बडे व्यापारी. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. गेल्या साली पुतण्याच्या लग्नात त्यांची बॅग भलत्याच गावाला उतरली आणि अण्णांना मेहुण्याच्या ढगळ पायजम्यात मिरवावं लागलं, तेव्हापासून विमानाच्या पोटावर त्यांचा राग होता. पण खरं दुखणं निराळंच होतं. लेकीने बोळातल्या शिंपिणीचा घागरा घालायचा, आणि तोही पाहुण्यांसमोर? हट्टापायी त्यांनी तो घागरा डोळ्यांनी पाहिलासुद्धा नव्हता.

कालिंदी खटावकर घरी आली ती पाय ओढत. चार महिने खपून तिने तो घागरा शिवला होता. हळदीच्या रंगाचं रेशीम, त्यावर हळदीच्या पानांची जर. पानं काढली होती नवरीने, सन्मतीनेच. दर शनिवारी ती मशीनशेजारी येऊन बसायची. आता ती तिथेच बसून रडत होती.

"ताई, मी अंगावर घालूनच येते," सन्मती म्हणाली.

"मग तुझे वडील विमानतळावरूनच तुला परत पाठवतील," कालिंदी म्हणाली.

घागरा अकरा किलोंचा. विमानात हातात न्यायला परवानगी सात किलोंची. हातात न्यावा तर वजन आड येई, बॅगेत कोंबावा तर घडी पडे. कालिंदीने घागरा खुंटीला टांगला आणि नुसती बघत बसली. चोवीस कळ्या, म्हणजे कापडाच्या उभ्या पट्ट्या, कमरेशी निमुळत्या, खाली रुंद. प्रत्येक कळीला तिचं तिचं अस्तर. बघता बघता तिला हसू आलं. तिने टाके उसवायची सुरी काढली.

"ताई, अहो, काय करताय!" सन्मतीने डोळेच मिटून घेतले.

"जे मी जोडलं, ते मला सोडवता येत नाही होय?"

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या विमानतळावर कालिंदीने वऱ्हाडातल्या चोवीस माणसांना रांगेत उभं केलं आणि एकेकाच्या खांद्यावर हळदी रंगाचं जरीचं उपरणं घातलं. कडा दुमडून टाचलेल्या, जर झळाळणारी. वऱ्हाड म्हटलं की उपरणं आलंच, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही. फक्त आत्याबाईंनी विचारलं, हे एका टोकाला निमुळतं कसं गं? कालिंदीने सांगितलं की सध्या अशीच पद्धत आहे. आत्याबाईंनी लगेच ते पदरावरून नीट सारखं केलं.

पहिलं उपरणं मात्र तिने अण्णांच्या खांद्यावर घातलं होतं. अण्णा खूष झाले. आपल्या धंद्याचा रंग बघून त्यांनी तिच्या मोकळ्या हातांकडे मिश्कीलपणे पाहिलं.

"घागरा सांगलीतच राहिला वाटतं?"

"निघालाय, अण्णा. पोचेल वेळेवर."

तिची कात्री तेवढी विमानाच्या पोटात गेली. विमानात कालिंदी एका जागी बसली नाही. पट्टा उपरण्याखालून बांधा, उपरण्याला तोंड पुसू नका, चहा जरा लांब धरा, असं तिने इतकं बजावलं की एका काकांनी वैतागून चहाच परत केला.

उदयपूरला उतरल्यावर इस्त्री करून देते म्हणून तिने सगळी उपरणी गोळा केली, हॉटेलच्या धोबीखान्यातलं शिलाई मशीन मागून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत दार लावून घेतलं.

सकाळी सन्मती मांडवात आली तेव्हा वाजंत्र्यांचासुद्धा सूर क्षणभर चुकला. विहीणबाई उठून उभ्या राहिल्या. अण्णा लेकीभोवती एक फेरी फिरले, मग दुसरी. एक घडी सापडेल तर शपथ!

"कसा आणलास?" त्यांनी दरडावून विचारलं.

"कळ्या सुट्या केल्या, अण्णा. चोवीस खांद्यांवरून आणला."

अण्णांचे डोळे चमकले. "म्हणजे लोकांनी अंगावर घातला! तिसरी अट मोडली! सन्मती, जा, दिल्लीचा घालून ये."

सन्मतीचा चेहरा पडला. कालिंदीने मात्र पदर खोचला.

"मान्य आहे, अण्णा. खांद्यावरची कळी म्हणजेच घागरा, असं तुमचं म्हणणं असेल तर अट मोडली. पण मग पुण्यापासून उदयपूरपर्यंत घागरा घालून कोण मिरवलं, तेही पाहुण्यांना सांगावं लागेल. ही पुढची कळी तुमची. चांगली शोभत होती तुम्हाला."

व्याह्यांनी तोंडावर रुमाल धरला. अण्णांनी कळीकडे पाहिलं, मग स्वतःच्या खांद्याकडे पाहिलं, आणि एकदम त्यांचं पोट हलायला लागलं.

"नव्हता गं बाई! तो घागरा नव्हता! मी सांगतो ना, उपरणंच होतं ते!"

अण्णा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि मग सगळा मांडवच हसला. हसू आवरल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की पेठेच्या तोंडाशी असलेला त्यांचा गाळा आजपासून कालिंदीचा.

"आणि धाकटीचाही घागरा तूच शिवायचा. त्या वेळी अटी तू घाल. मी मुकाट्याने मानतो."

"एकच घालते, अण्णा," कालिंदी म्हणाली, "लग्न सांगलीत करा. घागरा मी रिक्षातनं घेऊन येते!"