वेशीवरची साक्ष

पूर्वी शिलावती नगरीत राजा महीसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथे द्वारपाल होते. त्यांचे नाव गोमिल.

नगरीचा एक नियम होता. बाहेरून आलेल्याला आत राहायचे असेल, तर "मी याला ओळखतो" असे सांगणारा एक तरी नागरिक हवा. तसा कोणी नसेल त्याने दरवाजाबाहेरच्या पडवीत पौर्णिमेपर्यंत थांबायचे, मग आल्या वाटेने रानात परतायचे. द्वारपालाने पक्षपात करू नये म्हणून त्यालाही बंधन होते. त्याने कोणाच्या घरी जेवायचे नाही, कोणाच्या लग्नाला की मयताला जायचे नाही. नियम करणारे मोठे हुशार. माणसाला एकटे पाडण्यात त्यांनी काही कसर ठेवली नव्हती. अठरा वर्षे गोमिल वेशीवरच्या खोलीत राहत होते. सणासुदीला आतून ढोल ऐकू येत आणि ते आपली पेज एकटेच पीत. त्यांना फार वाईट वाटे, पण सांगणार कोणाला?

एका हिवाळ्यात केतका नावाची म्हातारी आली. तिचे गाव पुरात वाहून गेले होते. जिच्या भरवशावर ती आली, ती बहीण नगरीत कधीच वारली होती. गोमिल नियमाप्रमाणे रोज विचारीत, "आजी, आत तुम्हाला कोण ओळखतं?"

"आता कोणी नाही रे बाबा," ती म्हणे, आणि उलट त्यांचीच चौकशी करी. "तुझा गुडघा कसा आहे? आज पेज इतकी पातळ का?"

अठरा वर्षांत असे कोणी विचारले नव्हते. पौर्णिमा जवळ आली तशी गोमिलांची काळजी वाढली. म्हातारीला धड चालता येत नव्हते आणि रानात वाघांचा वावर होता. तिला परत पाठवणे म्हणजे मरायला पाठवणे होते.

पौर्णिमेच्या सकाळी ते राजसभेत जाऊन म्हणाले, "महाराज, केतकेला मी ओळखतो."

अमात्य हसला. "साक्ष नागरिकाची लागते. तू राहतोस वेशीत, ना आत ना बाहेर. तुला तरी इथं कोण ओळखतं?"

राजाने सभेकडे पाहिले. निम्मी माणसे गोमिलांनीच आत घेतलेली होती. कोणी उपरणे सावरले, कोणी जमिनीकडे पाहत राहिले. एक व्यापारी कसाबसा म्हणाला, "येता-जाता पाहिलंय. नाव काही ठाऊक नाही."

गोमिलांचे डोळे भरून आले. राजाला त्यांची दया आली. "तुझी साक्ष मी देतो. नागरिक हो, आत घर घे. मात्र नव्या नागरिकाला वर्षभर दुसऱ्याची साक्ष देता येत नाही. म्हातारीला जाऊ दे."

आत घर! अठरा वर्षे ज्याची आस धरली, ते असे आपसूक पुढे आले होते. गोमिलांनी किल्ल्या राजाच्या पायाशी ठेवल्या. "महाराज, मला ओळखणारं एकच माणूस आहे आणि ते पडवीत बसलंय."

त्यांनी केतकेचे गाठोडे उचलले, तिला आधार दिला आणि दोघे रानाची वाट चालू लागले.

थोड्याच वेळात मागून राजा अनवाणी धावत आला. "परत चला. एवढ्या माझ्या नगरीत एकमेकांना ओळखणारी दोनच माणसं निघाली, आणि तीच बाहेर चाललीत!"

दोघे परत आले आणि त्या दिवसापासून तो नियम मोडीत निघाला.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे हा भिक्षू आनंद. केतका म्हणजे इथे दाराशी बसून धर्म ऐकणारी ही वृद्ध भिक्षुणी. गोमिल म्हणजे मीच." सभेतले गप्प बसलेले नागरिक कोण, ते त्यांनी सांगितले नाही आणि श्रोत्यांपैकी कोणी विचारलेही नाही.

हीच मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रभावाची परिपूर्णता.