सभापतींची दाढी

सलूनच्या दारात गोदावरीचा जीव टांगणीला लागला होता. शाळा सुटायची वेळ झालेली, तिची स्नेहल याच रस्त्यानं यायची, आणि सभापती दौलतरावांचा पंधरा वर्षांचा युवराज तिथंच बापाची जीप बेफाम पळवत होता. मघाशी एक शेळी त्याच्या चाकाखालून थोडक्यात वाचली होती.

सभापती आत गालाला फेस लावून ऐसपैस बसलेले. तिचा नवरा वामन वस्तऱ्याला नवं पातं लावत होता.

"दादा, पोराला आवरा. शाळा सुटतीय."

"अगं, चालवल्याशिवाय शिकणार कसा? लोकांनी बाजूला व्हावं!"

गोदावरीनं नवऱ्याच्या हातातला वस्तरा घेतला. "मान वर करा. जन्मात कुणाची दाढी केली नाही मी, पण चालवल्याशिवाय शिकणार कशी?"

सभापती ताडकन उठले. "डोकं फिरलंय का? माझा गळा काय शिकायला आहे?"

"मग माझी लेक शिकायला आहे होय?"

सभापती फेसासकट बाहेर पळाले आणि गटाराच्या पलीकडं उभं राहून पोराला ओरडले. त्याच्या ब्रेकवर त्यांचाही भरवसा नव्हता. जीप थांबली, किल्ली बापाच्या हातात आली, तेव्हा कुठं गोदावरीनं वस्तरा खाली ठेवला.