उलट्या होडीखालची शाळा

एका जंगलात एक साळुंकी राहत असे. 'असे' म्हणायचे, कारण आपली गोष्ट सुरू होते तेव्हा ती तिथे राहत नव्हतीच. सात दिवस आणि सात रात्री जहाजाच्या डोलकाठीवर बसून ती, तिचा नवरा आणि त्यांचे एकुलते एक पिल्लू सातासमुद्रापलीकडच्या एका बेटावर येऊन पोहोचली होती. बेटावर गाई पुष्कळ आणि त्यांच्या पाठीवरचे किडे वेचायला कोणी नाही, असे नवऱ्याने ऐकले होते. ऐकले ते खरे निघाले आणि तिघांचे पोट भरू लागले.

पण पिल्लू बोलेना. बाळांनो, साळुंकीचे पिल्लू आणि मुके, असे कधी ऐकले आहे का? घरी असताना हेच पिल्लू पहाटेपासून सगळ्या झाडाचे डोके उठवत असे. बेटावर उतरले आणि त्याची चोच मिटली ती मिटलीच. चहूकडे अनोळखी आवाज, अनोळखी चेहरे. कोणी काही विचारले की ते आईच्या पंखाखाली शिरे. परक्या मुलखात ज्याला बोलता येत नाही त्याचा निभाव कसा लागणार, या विचाराने साळुंकीच्या जिवाला घोर लागला.

शेजारी एक कावळीण राहत होती. मूळची त्याच जंगलातली, पण बेटावर येऊन तिला बरीच वर्षे झालेली. तिला सगळे कावळेकाकू म्हणत. न विचारता सल्ला द्यायला ती कधी थकत नसे. ती म्हणाली, "अगं, त्याला शाळेत घाल म्हणजे बोलेल. पण घालायचं तर टेकडीवरच्या राजहंसांच्याच शाळेत. इंटरनॅशनल आहे ती. तिथं नाही घातलंस तर पोराचं काही खरं नाही, आणि आपल्या लोकांत तुला तोंड दाखवायची सोय राहणार नाही."

साळुंकी नवऱ्याला घेऊन टेकडीवर गेली. आरशासारखे तळे, काठाला पांढरे गोटे, आणि गोट्यांवर देशोदेशीची पिल्ले एका ओळीत उभी. राजहंसाने मान वळवताच सगळ्यांनी एका सुरात राजहंसाच्या बोलीतले स्वागत म्हटले. एकाचाही सूर चुकला नाही. आता साळुंकीची जातच पडली नकलेची. कोणी हुबेहूब आवाज काढला की तिला वाटते, याला सगळे आले. ती थक्क होऊन बघत राहिली. नवऱ्याने मात्र शेवटच्या पिल्लाला हळूच विचारले, "तू आत्ता काय म्हणालास?" पिल्लू म्हणाले, "अर्थ पुढच्या वर्षी शिकवतात."

राजहंस अदबशीर होता. "घरची बोली फाटकाबाहेर ठेवून यायची," तो म्हणाला, "आणि फी म्हणून रोज पिकल्या फळांचा एवढा ढीग." ढीग त्याच्या गुडघ्याएवढा होता. नवरा म्हणाला, "अगं, दोघांनी दिवसभर वेचली तरी एवढी फळं व्हायची नाहीत. आणि झाली, तर पोराला भरवायचं कोणी? अंथरूण पाहून पाय पसरावेत." साळुंकी म्हणाली, "पोरासाठीच तर आलो ना आपण इथं? मग?" यावर नवरा फळझाडे शोधायला निघाला. नवरे शेवटी निघतातच.

प्रवेश पौर्णिमेला होता. मध्ये आठ दिवस होते आणि तेवढ्यात आगाऊ फळे जमवायची होती. तोवर पिल्लाला ठेवायचे कुठे? किनाऱ्यावर एक जुनी होडी उलटी पडली होती आणि तिच्याखाली एक म्हातारी समुद्री कासवीण मुलांना शिकवत असे. फी म्हणजे ज्याला जे जमेल ते. कोणी चोचभर बिया आणी, कोणी नुसतीच जागा झाडून जाई. साळुंकी जरा लाजतच तिथे गेली. वाटेत कावळेकाकू दिसली तेव्हा तिने मान दुसरीकडे वळवली.

"आठच दिवस ठेवायचंय," ती कासविणीला म्हणाली. "तुमची शाळा काही इंटरनॅशनल नाही, ठाऊक आहे मला."

कासवीण साळुंकीच्याच बोलीत म्हणाली, "तो शब्द मला येत नाही, बाई. माझ्याकडे अकरा देशांची पोरं आहेत, एवढं खरं. तुमची बोली मला कशी येते म्हणता? अहो, मी अंड्यातून बाहेर आले तीच मुळी तुमच्याकडच्या वाळूत." साळुंकीच्या अंगावर काटा आला. एवढ्या दूर, एवढ्या खाऱ्या पाण्यापलीकडे, कोणीतरी आपल्या घरच्या शब्दांत बोलत होते. तरीही पिल्लाला सोडून ती घाईघाईने फळे वेचायला निघून गेली.

त्या दिवशी होडीखाली काय झाले ते तिला कळले नाही, पण मी तुम्हाला सांगतो. कासविणीने पिल्लाला काहीच पाठ करायला लावले नाही. तिने एवढेच विचारले, "तुमच्या घरी 'पळा' कसं म्हणतात? आम्हाला शिकव." पिल्लू गप्प. दुपार झाली तरी गप्प. कोणी हसले नाही, कोणी घाई केली नाही. शेवटी अगदी बारीक आवाजात त्याने घरचा शब्द म्हटला. तो मग खेकड्याच्या पोराने म्हटला, पाणमांजराच्या पोरीने म्हटला, कुरवांच्या पोरांनी आपल्या घोगऱ्या गळ्यातून म्हटला. कुरव म्हणजे समुद्रावरचे ते पांढरे, भांडकुदळ पक्षी. आपला शब्द अकरा देशांच्या तोंडी ऐकून पिल्लू चकित झाले. मग त्यालाही त्यांचे शब्द हवेसे वाटू लागले. घरी मात्र आईबाप थकून येत आणि आल्या आल्या झोपी जात. त्यांच्याशी बोलायची संधी पिल्लाला मिळालीच नाही.

पौर्णिमेच्या सकाळी साळुंकी पिल्लाला न्यायला आली. फीसाठी बरोबर आणलेल्या ढिगातली काही फळे वाळूवर सांडली, ती साळुंकी खाली मान घालून वेचू लागली. पिल्लू चार पावलांवर उभे होते. किनारा गजबजलेला होता. तेवढ्यात कुरवांनी आभाळ डोक्यावर घेतले. "इथले लोक बोलतात की भांडतात, देव जाणे," साळुंकी पुटपुटली. तिने सवयीने वर पाहिले. जंगलात संकट वरूनच येते. आभाळ स्वच्छ होते, म्हणून ती पुन्हा वेचू लागली.

"आई, पळ! पाण्याकडून येतोय!"

हा आवाज पिल्लाचा होता. आणि ते तेवढ्यावर थांबले नाही. तोच शब्द त्याने खेकड्यांच्या बोलीत ओरडून सांगितला, मग पाणमांजरांच्या, मग दूरवर चिखलात चरणाऱ्या टिवळ्या पक्ष्यांच्या. त्या एवढ्याशा गळ्यातून एकामागून एक चार देश बोलले, आणि बघता बघता सगळा किनारा रिकामा झाला. जो तो बिळात, पाण्यात, झुडपात. साळुंकी पिल्लासह होडीखाली शिरते न शिरते तोच लाटांना लागून सपाट उडत आलेला ससाणा तिच्या फळांवरून गेला. त्याच्या नखांत काहीच सापडले नाही.

साळुंकीने पिल्लाला पंखाखाली घेतले. भीती ओसरली आणि मागे उरले ते नवल. हे आपलेच का पिल्लू? जे ओरडणे आपल्याला भांडण वाटले, त्यातला शब्द न् शब्द याला कळला, आणि कळताक्षणी याने तो पहिल्यांदा आईला आपल्या घरच्या बोलीत सांगितला. राजहंसाने ती बोली फाटकाबाहेर ठेवायला सांगितली होती. ती ठेवली असती, तर आज साळुंकी स्वतः वाचली नसती. हे मनात येताच तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

ती कासविणीसमोर जाऊन म्हणाली, "टेकडीवर नाही नेणार मी याला. ठेवून घ्याल का?"

"त्याला तर आम्ही केव्हाच ठेवून घेतलंय," कासवीण म्हणाली. "पण आज कुरवांचा ओरडा कानी पडूनही तुम्ही फळंच वेचत होतात. आईबापांची तुकडी दुपारी भरते. येत जा."

साळुंकीने नवऱ्याला हाक मारली आणि दोघे त्याच दुपारी होडीखाली जाऊन बसली. पहिलाच धडा कुरवांच्या 'पळा'चा होता. साळुंकीने मोठ्या ऐटीत तो म्हटला. पिल्लू मान हलवून म्हणाले, "तसं नाही गं आई, नीट ऐक." मग ते तिच्या शेजारी बसून तिला शिकवू लागले.

तात्पर्य : घरचा शब्द घेऊन मूल जिथे आत जाते, चार घरांचे शब्द घेऊन बाहेर येते, आणि जिच्यापायी आईबापांना त्याच्यापासून दूर राहावे लागत नाही, ती शाळा मोठी, मग ती उलट्या होडीखाली का भरेना.