पेरीनची ओ

फ्रान्सच्या पश्चिमेला, ब्रिटनीच्या सीमेलगत, ओक आणि बीचच्या झाडीतून एक पायवाट दरीत उतरते आणि एका लांबट तळ्याच्या बांधावरून पलीकडच्या रानात शिरते. याला मिठाचं तळं म्हणतात. पाणी मात्र चांगलं गोडं आहे; खारट असेल म्हणून ओंजळ तोंडाला लावणारे फसतात. पण कडाक्याच्या हिवाळ्यात सगळं तळं गोठलं तरी पलीकडच्या काठाजवळचा एक पट्टा तेवढा उघडाच राहतो. काळं पाणी, माणूस चालेल एवढं रुंद.

फिर्मां नावाचा म्हातारा वाटाड्या फिरस्त्यांना या बांधापाशी थांबवतो. कुणी पुढे जायचं आणि कुणी मागे राहायचं ते ठरवून देतो. "काठ्या भारी आहेत तुमच्या," तो म्हणतो, "पण इथे कान लागतात." आणि मग बांधावर बूड टेकून गोष्ट सांगतो.

ही गोष्ट राजांच्या काळातली, असं सांगतात. तेव्हा मिठावर कर होता, आणि तोही असा की गरिबानं अळणीच जेवावं. सीमेपलीकडे ब्रिटनीत तेच मीठ मातीमोलानं मिळे. मग रानातली माणसं या वाटांनी पाठीवर मीठ वाहून आणत, आणि नाकेदार त्यांच्या मागावर असत. हाती लागलेल्याला गलबतावर वल्ही मारायला धाडत. फार घाई असली तर जवळचं झाड होतंच.

बांधाच्या या टोकाला ज्युलिएन म्हाताऱ्याचं घर होतं. तो लाकडी जोडे कोरायचा. त्याचा मुलगा मातुराँ मीठ आणायचा. मातुराँची बायको पेरीन तळ्याची मोरी सांभाळायची, गिरणीला लागेल तसं पाणी सोडायची. म्हाताऱ्यानं मुलासाठी एक युक्ती काढली होती म्हणे. जोड्याचा तळ तो उलटा कोरायचा, टाच पुढे आणि चवडा मागे. माणूस पूर्वेला गेला की पाऊल पश्चिमेचं उठे आणि नाकेदार भलतीकडेच धावत सुटत. पेरीनचे जोडे मात्र सरळ होते. त्यांच्या टाचेवर मातुराँनं एक मासा कोरला होता. तिचा पाय चांगला पुरुषी. "एकाच मापात दोघांचं भागतं, बाबांना सोयीची सून मिळाली," असं तो तिला चिडवायचा आणि ती त्याला मोरीवरून पाण्यात ढकलायची.

एका हिवाळ्यात ताज्या हिमावर मातुराँ उलटे जोडे घालून निघाला. दुसऱ्या दिवशी दुपारी परतायचं ठरलं होतं. इथेच सगळ्यांची चूक झाली. रानात उलटं पाऊल माणसाला वाचवतं. पण घरातून निघालेलं उलटं पाऊल घराकडेच बोट दाखवतं. एवढी अक्कल लढवणाऱ्या घरात ही साधी गोष्ट कुणाच्याही डोक्यात आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाकेदार आले. त्यांच्या म्होरक्याचं नाव लाफोस. उंबरठ्याशी संपलेली पावलं बघून तो म्हणाला, "मीठ घेऊन कुणीतरी आत आलंय. काढा बाहेर."

त्यांनी जमिनीच्या फळ्या उखडल्या, पिठाची पिंपं उपडी केली. कुणी सापडलं नाही. "कुणी आलंच नाही," ज्युलिएन सांगत राहिला, आणि ते खरंच होतं. लाफोसनं त्याचा हात त्याच्याच कामाच्या ओंडक्यावर धरला आणि त्याच्याच पात्यानं एकेक बोट तोडलं. म्हातारा ओरडला, पण मुलगा कुठे गेला ते त्याच्या तोंडून निघालं नाही. शेवटी लाफोसनं कुऱ्हाड त्याच्या डोक्यात घातली. पेरीनला दोघांनी केसाला धरून हे बघायला लावलं. रक्त तिच्या जोड्यांवर उडालं.

तेवढ्यात एकाला भुशाच्या ढिगात अर्धवट कोरलेला, उलट्या तळाचा जोडा सापडला. लाफोसनं तो उलटासुलटा करून पाहिला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "म्हणजे तो आला नाही, गेला! गेलेला परत येतोच. बसा रे."

आणि मढं तसंच ठेवून ते चुलीपाशी बसले. पेरीनच्या घरातलं डुकराचं मांस कापून खाऊ लागले. दुपारी मातुराँ बांधावरून येणार आणि यांच्या बंदुकांपुढे उभा राहणार, एवढंच पेरीनच्या डोक्यात घुमत होतं. सासरा गेला होता. नवरा अजून होता.

मधल्या वेळात हिम भुरभुरलं आणि जुनी पावलं बुजली. लाफोसनं तिला घोड्यांसाठी पाणी आणायला पिटाळलं. ती थेट मोरीपाशी गेली आणि दट्ट्या उपसला. गोठलेल्या तळ्याचं पाणी खालून निघून गेलं की वरचा बर्फ अधांतरी राहतो, माळ्याच्या फळीसारखा. एकटी बाई हलक्या पायानं जाईल त्यावरून. बंदुका घेतलेली टोळी जाणार नाही. वाऱ्यानं बांधावरचं हिम झाडून नेलं होतं, तिथे पाऊल उठत नव्हतं. ती बांधावरून पलीकडच्या काठाला गेली आणि तिथून तळ्याच्या मधोमध सरळ घराकडे चालत आली. पायाखाली बर्फ करकरत होता. तिनं एकदाही खाली पाहिलं नाही म्हणे.

"कुठे होतीस?" लाफोसनं विचारलं.

"पलीकडे गेले होते. बर्फावरून आले."

"आणि ही पावलं?"

"माझीच आहेत. बघा की."

शब्दन् शब्द खरा होता. पण दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. "घराकडे येणारी पावलं म्हणजे घरापासून गेलेली!" लाफोस ओरडला. "नवऱ्याला सावध करून पलीकडे पळवलंस होय गं?" त्यानं बंदुकीचा दस्ता तिच्या तोंडावर हाणला. तिचे दात पडले. एकाला घरामागे घोड्यांपाशी ठेवून बाकी सगळी टोळी बर्फावर धावली.

पलीकडचा काठ हाताशी आला आणि बर्फ फुटला. माणसं बंदुकांसकट खाली गेली. जी वर आली, ती बर्फाच्या कडेला बोटं रुतवून लोंबकळू लागली. पेरीन सासऱ्याच्या रक्तानं माखलेली कुऱ्हाड घेऊन बांधावरून धावली, पलीकडच्या काठानं उतरली आणि पोटावर सरपटत त्या कडेपाशी पोचली. एकेक हात तिनं मनगटापासून तोडला. लाफोस शेवटचा होता. "पेरीन," तो विनवू लागला, "पेरीन, हात दे." तिनं त्याच्या कपाळावर कुऱ्हाड घातली आणि ती तिथेच सोडून दिली. तिला वाईट वाटलं नाही, असं फिर्मां ठासून सांगतो, आणि ऐकणाऱ्यालाही वाटत नाही.

मग धुकं उतरलं. घोड्यांपाशी राहिलेला नाकेदार घराकडच्या काठावरून हाका मारू लागला, "पेरीन! ए पेरीन! कुठे आहेस?" ती बांधाखालच्या लव्हाळ्यात दडून बसली. या नावानं आज कुणीही हाक मारो, तोंड उघडायचं नाही, असं तिनं ठरवलं. काही वेळानं हाका थांबल्या. तो घोड्यावर टाच मारून पळून गेला होता. पण हे तिला कुठून कळणार?

आणि मग पलीकडच्या काठावरून पुन्हा हाक आली. घसा बसलेला, आवाज धुक्यात भिजलेला. "पेरीन!"

पाठीवर मिठाचं ओझं घेऊन मातुराँ काठाशी पोचला होता. समोर हिमावर तिची पावलं होती, टाचेत मासा असलेली. ती काठावरून बर्फावर गेली होती आणि फुटलेल्या काळ्या पाण्याशी संपत होती. पाऊल कुठे गेलं ते सांगतं. कधी गेलं ते सांगत नाही.

"पेरीन! ओ दे गं!"

तिनं श्वास रोखून धरला. नाकेदार फिरून पलीकडे आला असणार, असं तिला वाटलं. तिसऱ्यांदा हाक आली, ती रडत आल्यासारखी. त्यानंतर बर्फ मोडल्याचा आवाज झाला आणि सगळं शांत झालं. आणखी एक गेला, असं ती मनात म्हणाली. तिला बरंही वाटलं.

धुकं विरलं तेव्हा ती बाहेर आली आणि फुटलेल्या पाण्याच्या कडेशी गेली. मोरीच्या ओढीनं पाण्यावरून काहीतरी तरंगत तिच्याकडे येत होतं. लाकडी जोडा. तिनं तो उचलून पालथा केला. टाच पुढे होती, चवडा मागे.

मातुराँ सापडला नाही. त्याच्या पाठीवरचं मीठ तिथेच विरघळलं, म्हणून तेवढं पाणी गोठत नाही, असं सांगतात. पेरीन पुढे म्हातारी होईपर्यंत त्याच बांधावर राहिली. वाटेनं कुणीही येवो, मीठवाला की नाकेदार, धुक्यातून कुणाचंही नाव घेऊन हाक आली की ती ओ द्यायची. लोक तिला वेडी म्हणत. मग ती मेली, आणि पहिल्याच धुक्यात कुणीतरी हाक मारली तर उत्तर आलं नाही. तेव्हा गावाला चुकल्याचुकल्यासारखं झालं, आणि गावानं ते काम अंगावर घेतलं.

आजही या बांधावरून मुकाट्यानं कुणी जात नाही. मागे राहिलेले अलीकडच्या काठावरून हाक मारतात, "पेरीन!" आणि पुढे गेलेले, ज्यांना एकमेकांची नावंही धड माहीत नसतात, थांबतात, वळतात आणि सगळे मिळून ओ देतात.