सगळ्यांत शेवटी पहिलं कलम

"आणि लागू कधीपासून?" महाराजांनी विचारलं.

हेमांगी वाकोडे हसली. "महाराज, राष्ट्रपतींची सही होऊन चौदा महिने झाले."

"ते ऐकलं. लागू कधीपासून?"

केशवगिरी महाराज टेकडीवरच्या मठात राहत. संन्यास घेण्याआधी अठ्ठावीस वर्षं त्यांनी राजधानीत विधेयकांचे मसुदे लिहिले होते. कायदा कसा वाचायचा, हे हेमांगी त्यांच्याच पायाशी बसून शिकली. आता ती खासदार होती.

टेकडीच्या पायथ्याला दगडाची खडी करणारे सात क्रशर होते. तिथली धूळ छातीत जाऊन बसते आणि चाळिशीच्या आत माणूस संपतो. ती धूळ मालकांनी आवरावी आणि आजारी कामगाराला उपचार मिळावेत, यासाठी हेमांगी सहा वर्षं झगडली. शेवटी कायदा झाला. त्याची प्रत चौकटीत बसवून ती आज गुरूंना दाखवायला आली होती.

"तुम्ही तिथे असायला हवं होतं," ती म्हणाली. "विधेयक मांडलं तेव्हा अर्धी बाकं रिकामी होती. मग ते समितीकडे गेलं. नऊ महिने! क्रशरवाल्यांनी माणसं पाठवली, वकील पाठवले. मी एक शब्द हलू दिला नाही. मग चर्चा, मग एकेका कलमावर मतदान. दुसरं कलम, तिसरं, चौथं... प्रत्येकाला नुसता 'होय'चा गजर. वरच्या सभागृहातही तेच."

"दुसऱ्यापासून का?"

"पद्धतच आहे ती. पहिलं कलम सगळ्यांत शेवटी मताला टाकतात. तुम्हीच शिकवलंत."

"ते मताला आलं तेव्हा तू काय करत होतीस?"

हेमांगीला आठवावं लागलं.

"लोक अभिनंदन करत होते... मी हात मिळवत होते."

"वाच ते."

"त्यात काय असतं, महाराज? कायद्याचं नाव, कुठे कुठे लागू—"

"वाच."

तिने चौकट मांडीवर घेतली. काचेवरून बोट फिरवत ती वाचू लागली. तिसऱ्या पोटकलमाशी तिचा आवाज बारीक झाला.

"'केंद्र सरकार राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नेमून देईल, त्या दिनांकास हा अधिनियम अंमलात येईल.'"



"नेमून दिला असेल," ती म्हणाली.

"विचार."

तिने फोन लावला. मंत्रालयातला अधिकारी ओळखीचा होता. समितीच्या बैठकांना नेहमी येई.

"मॅडम, कायदा झालाय," तो अदबीने म्हणाला. "सुरू झालेला नाही. नियम ठरायचेत."

"कधी ठरतील?"

"ते सांगता येणार नाही."

"काही मुदत?"

"कायद्यात मुदत घातलेली नाही ना, मॅडम."

फोन बंद झाला तरी तिने तो कानाशीच धरला होता.

"चौदा महिने..." ती म्हणाली. "बेचाळीस गावांत मी सत्कार घेतले. पेढे खाल्ले. मला कोणी काही बोललं कसं नाही?"

"एक जण बोलत होता," महाराज म्हणाले. "आता त्याला बोलवत नाही."

ते उठले आणि आतल्या खोलीचं दार त्यांनी हलकेच लोटलं.

आत वाकळांच्या ढिगाला टेकून एक माणूस बसल्या बसल्या झोपला होता. त्याला आडवं होता येत नव्हतं. प्रत्येक श्वासाला गळ्याखालचा खड्डा आत ओढला जाई. शेजारी त्याची बायको पुठ्ठ्याने वारा घालत होती.

"हा यल्लाप्पा," महाराज म्हणाले. "तीन नंबरच्या क्रशरवर होता. ही दुर्गव्वा."

दुर्गव्वाने हेमांगीला ओळखलं. ती गडबडीने उठली आणि पदर सावरत कुजबुजली, "ताई, तुमचा फोटू आलेला पेपर घिऊन ह्ये कामगार हापिसात गेलं हुतं. साहेब म्हनला, असा कायदाच सुरू न्हाई. मालकाला कळलं, त्यानं दुसऱ्या दिवशी कामावरनं काढलं. आमी म्हनलं, फोटू ताईंचा हाय... खोटा कसा आसंल?"

हेमांगीने मान खाली घातली.

दुर्गव्वाच उलट तिची समजूत घालू लागली. "तुमी कशापायी वाईट वाटून घेता? तुमी केलासा की कायदा."

हेमांगी बाहेर आली. उंबऱ्याशीच ती महाराजांकडे वळली.

"कोणी घातलं ते वाक्य? समितीत मी प्रत्येक ओळीवर भांडले. हे कोणी घुसवलं?"

"कोणी घुसवलं नाही. ते असतंच. शेकडो कायद्यांत मी घातलंय."



"तुम्ही?"

"चांगल्या अक्षरात."

"आणि... त्यातले किती सुरू झाले?"

महाराजांनी खाली क्रशरकडे पाहिलं. पांढरी धूळ बाभळींच्या वर चढली होती.

"एकदा मोजायला बसलो होतो," ते म्हणाले. "त्यानंतर इथे आलो."

हेमांगीचा चेहरा पांढरा पडला होता. तो एकाएकी लाल झाला. तिचा सभागृहातला आवाज, ज्याला मंत्रीही दबून असत, मठाच्या छपराखाली कडाडला.

"सोमवारी बघा तुम्ही! सभापतींच्या पुढे जाऊन उभी राहते. कामकाज चालू देणार नाही. सगळा देश ऐकेल, महाराज, असा आवाज उठवते—"

महाराजांनी तोंडावर बोट ठेवलं.

"हळू... तीन दिवसांनी आत्ता कुठे त्याचा डोळा लागलाय."