भिवराबाईचं खोपट आणि हिवाई

डोंगरात एक गाव होतं, आणि त्या गावात होती एक भिवराबाई. तिचा नवरा वारला होता, मूलबाळ नव्हतं. गावाच्या कडेला, ओढ्यापाशी, गवतानं शाकारलेलं तिचं छोटं घर.

एकदा ओढ्याला पूर आला आणि पुरातून डुकराचं एक पिल्लू वाहत आलं. भिवराबाईनं ते उचललं, पदरानं पुसलं, त्याला तांदळाची पेज पाजली. नाव ठेवलं चंद्री. मग चंद्री मोठी झाली. चांगली गुबगुबीत, गुलाबी कानांची. भिवराबाई सरपणाला निघाली की चंद्री मागं, पाण्याला निघाली की चंद्री मागं. घराशेजारी खोपट होतं, त्यात ती निजायची. लोकांना नवल वाटायचं, डुकरिणीशी कुणी बोलतं का? पण भिवराबाई बोलायची. आणि चंद्री, बरं का, मधेमधे हुंकार द्यायची.

मग चंद्रीला पिल्लं झाली, ऐन थंडीच्या तोंडावर. सगळ्यांत धाकटा एवढासा, तिळाएवढा. म्हणून तो तिळू.

आता त्या मुलखात थंडी म्हणजे नुसती थंडी नव्हती. ती एक म्हातारी होती. तिचं नाव हिवाई. अंगावर पांढरंशुभ्र घोंगडं, पायांत काही नाही. दिवस कलला की ती डोंगरावरून उतरायची आणि जिथं फट दिसेल तिथून आत शिरायची. दुष्ट नव्हती ती. पण जिथं पाऊल टाकायची तिथलं सगळं गारठून जायचं, त्याला ती तरी काय करणार?

तर पहिल्यांदा हिवाई आली ती वाऱ्याबरोबर. खोपटाचं दार होतं डोंगराकडं, आणि उघडं. ती सरळ आत गेली. सकाळी भिवराबाई बघते तर पिल्लं लटलट कापतायत. डुकराच्या अंगावर का मेंढीसारखी लोकर असते? चार विरळ केस, बस. मग भिवराबाईनं ते दार दगडमातीनं बुजवलं आणि उगवतीच्या बाजूला नवं दार केलं. इतकं बुटकं, की चंद्रीलासुद्धा मान खाली घालून जावं लागे. त्यावर गोणपाट सोडलं.

दुसऱ्यांदा हिवाई आली, तर दार सापडेना. मग ती जमिनीत मुरली आणि खालून वर आली. माती ओली होती ना. पिल्लांची पोटं गार पडली, ती एकमेकांच्या पाठीवर चढून बसली. मग भिवराबाईनं ओली माती उकरून काढली, तळाला सपाट दगड लावले. दगडांवर सुका पाला घातला, पाल्यावर गुडघाभर पेंढा. भिंतीला लागून एक आडवा बांबूही बांधला, म्हणजे चंद्रीनं कूस बदलली तरी पिल्लू चिरडू नये, त्यानं बांबूमागं सरकून बसावं.

त्या गावात ठकूबाई नावाची एक शेजारीण होती. ती भिवराबाईला म्हणाली की आता एक फट म्हणून ठेवू नका, सगळं लिंपून टाका. भिवराबाईला पटलं. तिनं चिखल कालवला आणि खोपट वरपासून खालपर्यंत लिंपून घेतलं.

तिसऱ्यांदा हिवाई आली. हिंडली, फिरली, कुठंच वाट नाही. मग ती छपरावर जाऊन बसून राहिली. आणि आत काय झालं माहितेय? चंद्रीचा श्वास, पिल्लांचा श्वास, सगळी ऊनऊन वाफ वर गेली. तिला बाहेर जायला वाट नाही. गार छपराला लागून तिचं पाणी झालं आणि थेंबथेंब खाली गळलं. सकाळी सगळा पेंढा ओलाचिंब, आणि तिळू लाकडासारखा पडलेला.

भिवराबाईनं त्याला पोटाशी धरलं. पदरानं चोळलं, तोंडाशी तोंड नेऊन ऊन श्वास घातला. ठकूबाई म्हणाली, आत शेकोटी पेटवा. भिवराबाई म्हणाली, पेंढ्यात कशी पेटवू? मग ठकूबाई हळूच म्हणाली, "वैनी, राहू द्या आता. एक पिल्लू गेलं तर बाकीची आहेत की."

"हा जगायला आलाय, ठकूबाई," भिवराबाई म्हणाली. "मी त्याला जा कसं म्हणू?"

आणि ती चोळत राहिली. उन्हं पार अंगणात आली तेव्हा तिळूनं ओठ हलवले. मग नाक हलवलं. मग बारीकसा रडला.

मग भिवराबाईनं छपराखाली, वारा लागत नाही त्या बाजूला, उंचावर एक भोक पाडलं. वाफ जायला. आता कोरडा पेंढा हवा. पण गावात पेंढा कुठला? सगळा गुरांना लागत होता. तिनं इकडंतिकडं पाहिलं. मग घराला शिडी लावली, वर चढली आणि आपल्याच छपराचं गवत उपसायला लागली. ठकूबाई विचारते, तुम्ही कुठं निजणार? भिवराबाई आपली गवत उपसतच राहिली. दिवस मावळेपर्यंत घरावर नुसते वासे राहिले आणि खोपटात गवताची मऊ गादी झाली.

मग भिवराबाईच वाकून खोपटात शिरली. चंद्रीनं सरकून तिला जागा दिली.

अंधारून आलं. हिवाई आली. दार बुटकं, जमीन कोरडी. तिनं वरच्या भोकातून डोकावलं, तर भिवराबाई डुकरांच्या मधोमध बसलेली, आणि कुणीसुद्धा कापत नव्हतं. असं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"आत कसं वाटतंय गं?" हिवाईनं विचारलं.

"ऊब आहे," भिवराबाई म्हणाली.

"ऊब म्हणजे कसं?"

आता हे कसं सांगायचं? भिवराबाईनं विचारलं, "तुला कधी कुणी घरात घेतलं नाही का?"

"मला बघून दारं लावतात," हिवाई म्हणाली.

भिवराबाईनं तिळूवर हात ठेवला. तिला भीती वाटत होती, खूप वाटत होती. पण बाहेर उभी असलेली ती म्हातारीही तिला बघवेना. "ये," ती म्हणाली. "पण ते घोंगडं बाहेर ठेव, आणि वाकून ये."

हिवाईनं घोंगडं काढलं. आत होती एक काडीसारखी, एवढीशी म्हातारी. चंद्रीनं तिला हुंगलं आणि पुन्हा मान टाकली. हिवाई तिच्या पाठीला पाठ लावून बसली. मग तिळू सरपटत गेला आणि त्यानं तिच्या पायावर नाक टेकलं. भिवराबाईनं त्याला मागं ओढायला हात पुढं केला. पण तिळू कापला नाही. तो झोपला. आणि हिवाईही झोपली, जन्मात पहिल्यांदा.

सकाळी गावात कुणाला थंडी वाजेना. वालाच्या वेलांवर दव नाही, पाण्यावर धुकं नाही. फक्त भिवराबाईच्या खोपटापुढं, घोंगडं ठेवलं होतं तिथं, पांढरंशुभ्र हिम पसरलेलं. ठकूबाई धावत आली. घरावर छप्पर नाही, चुलीजवळ भिवराबाई नाही. ती खोपटाकडं वळली. तिनं खोपटाचं गोणपाट वर केलं, तर तोंडावर ऊन ऊन वाफ आली आणि आत सगळे गाढ झोपलेले. हिवाईला जाग आली. ती लाजली, चटकन बाहेर सरकली, घोंगडं पांघरून डोंगराकडं निघून गेली.

ठकूबाई तशीच मागं फिरली. घरी गेली आणि माळ्यावर जपून ठेवलेलं गवत डोक्यावर घेऊन आली. तिच्यामागून आणखी बायका आल्या, मग पुरुष आले. उन्हं चढेपर्यंत भिवराबाईचं घर पुन्हा शाकारून झालं.

पुढं दर हिवाळ्यात हिवाई यायची, कामाला निघण्याआधी खोपटात घटकाभर टेकायची. त्या गावात थंडी पडायची, पण बेतानं. तिळू वाढला. फार मोठा नाही झाला, पण वाढला. भिवराबाई, चंद्री, तिळू आणि त्याची भावंडं सगळी आनंदानं राहिली.

आता डोळे मिटा. मी दिवा बारीक करते.